मोबाईलमधले लूम

परवा दुपारी जेवायला बसणार, तेवढ्यात कॉम्प्युटर टुंग करून वाजला... ताई ऑनलाइन.

एरवी तिचा वार रविवार. ती सिंगापूरला असते आणि दर रविवारी ती आणि बाबा नेटवर बुद्धिबळ खेळतात. कॉम्प्युटर मी घेतला होता गाड्यांच्या रेस खेळायला, पण आता त्या खुर्चीवर बाबांचा हक्क. माइक चालू ठेवायचा, प्यादी सरकवायची आणि एकमेकांची खोड काढायची. बाबा एका चालीला इतका वेळ लावतात की ताई मध्ये एक डुलकी काढून येते.

आणि या सगळ्याच्या मागे आमच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट... घराला लागूनच गाळा होता. लहानपणी शाळेतून आली की ताई तिथेच सुताच्या कांड्या भरायची, अभ्यासही तिथेच करायची. तो आवाज ऐकला की माहेरी आल्यासारखं वाटतं म्हणायची.

दिवाळीनंतर बाबांनी लूम विकले. विकले म्हणायचं आपलं... भंगारवाल्याने तोडून टेम्पोत भरून नेले. सुताचे भाव, कापडाला गिऱ्हाईक नाही, वर रोजचं लोडशेडिंग. भिवंडीकरांना वेगळं काय सांगू? गाळा रिकामा झाला त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

ताईला सांगायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं. तिला सातवा महिना आहे. आधीचं एक बाळ राहिलं नाही, म्हणून या वेळी डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलंय. "तिच्या जिवाला घोर नको. एकदा सुटका होऊ दे, मग मीच सांगतो," बाबा म्हणाले.

पहिल्याच रविवारी तिने विचारलं, आवाज का येत नाही? बाबा बोलून गेले, लाइट गेलीय. मग कॉम्प्युटर कशावर चालतोय? मी घाईघाईने म्हणालो, इन्व्हर्टरवर... आमच्याकडे इन्व्हर्टर नाही.

दर आठवड्याला नवी थाप कुठून आणायची? शेवटी मी मोबाईल घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या शब्बीरभाईंच्या कारखान्यात गेलो. आवाज कशाला हवाय ते सांगितल्यावर त्यांनी मला आत लूमजवळ नेलं. मग म्हणाले, "जितना चाहिए भर ले बेटा. दुआ कर, हमारे भी चलते रहें."

तेव्हापासून ताई ऑनलाइन आली की मी ते रेकॉर्डिंग लावतो आणि मोबाईल पडद्यामागे खिडकीत ठेवतो. आईला हे बघवत नाही. ती उठून स्वयंपाकघरात जाते.

परवाही तसंच केलं. कशेळीच्या गोडाऊनला माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून मी घरीच होतो. पडून पडून कंटाळा आलाय, एक डाव होऊ दे, ताई म्हणाली. बाबा एकदम खूश. मी पडद्यामागे लूम चालू केले आणि डाव सुरू झाला.

थोड्या चाली झाल्या आणि ताईची पुढची चालच येईना. नेट गेलं की काय म्हणून मी वाकून पाहिलं... पटाखालच्या चौकटीत तिने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. नंदू, आज शुक्रवार ना रे?

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. सगळ्या गावाची आठवड्याची सुट्टी. इथे वाढलेल्या पोराला शुक्रवार कॅलेंडरमध्ये बघावा लागत नाही, सकाळी जाग येतानाच कानांना कळतो. पण लूम गेले आणि आमच्या घरात सगळे वार सारखेच झाले. आम्ही तिघंही शुक्रवार विसरलो होतो.

बाबांना इंग्रजी अक्षरं लागत नाहीत. काय म्हणते, त्यांनी विचारलं. नेट स्लो आहे म्हणते, मी सांगितलं. आणि तिला एवढंच टाइप केलं... दिवाळीनंतर गेले. तुझ्या काळजीने सांगितलं नाही.

मी भयंकर घाबरलो. ती एकटी घरात, भावोजी ऑफिसात... रडून काही त्रास झाला तर? कीबोर्डवर हात ठेवून तसाच वाकून राहिलो.

मग स्पीकरमधून तिचा आवाज आला. अगदी नेहमीचा.

"काय हो बाबा, आज लूम एकदम जोरात चालू आहेत?"

बाबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू... "मग! मोठी ऑर्डर हाय. तू काय समजलीस बापाला?" आणि ते बोलतच सुटले. कुठल्या लूमचा धोटा सारखा अडकतो, कुठला कारागीर गावाला जाऊन बसलाय... सगळं खोटं, आणि सगळं कधीतरी खरं असलेलं. ताई मध्ये मध्ये प्रश्नही विचारत होती. त्या नादात बाबांनी तिचा वजीर मारला. तिने मारू दिला असणार, असं मला आपलं वाटतं.

डाव संपल्यावर चौकटीत अजून एक ओळ आली. मला कळलंय हे बाबांना कळू देऊ नकोस.

ती गेल्यावर मी मोबाईल बंद करायला उठलो, तर बाबा म्हणाले, "राहू दे रे थोडा वेळ." आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. मी न जेवताच ड्युटीला निघालो.

बाबांना बुद्धिबळाशिवाय नेटवरचं काही उघडता येत नाही, म्हणून इथे लिहायची हिंमत केली. भिवंडीतल्या मित्रांनो, ते कुठे भेटले तर कृपा करून विषय काढू नका.

इतके दिवस मला वाटत होतं, आम्ही ताईला जपतोय. परक्या देशात, अंथरुणावर पडून, पोटातल्या बाळाला सांभाळत ती आम्हालाच जपतेय... तिचे आभार कोणत्या तोंडाने मानायचे, मला कळत नाही.

आज रविवार. थोड्या वेळात ती ऑनलाइन येईल आणि मी पुन्हा आवाज लावीन... या वेळी बाबांसाठी.