पुण्यात राहिलेला दांडा आणि नल्लकुंट्याची कॉफी

सुमनआत्याचा फोन आला तेव्हा मी कॉफीच दळत होते. "आपली चक्की आता तुम्हां दोघांपैकी एकाला द्यायची आहे," ती म्हणाली. "तू ये, संजूलाही बोलावलंय. ज्याची कॉफी मी तळ दिसेपर्यंत पिईन, त्याची चक्की." आणि फोन ठेवला. आत्याने हैदराबादच्या नल्लकुंट्यात उभा जन्म गणित शिकवलं. तिच्या अटी अशाच असतात.

चक्की म्हणजे तिच्या ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळलेलं काळं, ओतीव लोखंडाचं धूड. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याचे यजमान, म्हणजे काका, वरून कॉफीचे दाणे ओतायचे आणि दांडा कुणी फिरवायचा यावरून मी आणि संजू एकमेकांना ओरबाडायचो. संजू म्हणजे आत्याच्या दिराचा मुलगा, राहणार मलकपेठ. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. मला ती चक्की हवी होती, आणि संजूला मिळू नये असंही मनापासून वाटत होतं.

मी तयारीने निघाले. दट्ट्याने कॉफी गाळायचा काचेचा फ्रेंच प्रेस, वरून गरम पाणी ओतायचा पोअर-ओव्हरचा शंकू, कागदी फिल्टर, वजनकाटा आणि हाताने फिरवायचा माझा छोटा, नळीसारखा, महागडा ग्राइंडर. पुण्याहून रात्रीची गाडी सोयीची पडते, पण गाडीतल्या कॉफीच्या वाटेला जाऊ नका. सकाळी सिकंदराबादला उतरून ऑटो केली. रिक्षावाल्याने माझ्या खळखळणाऱ्या पिशवीकडे संशयाने पाहिलं. "काच का सामान है क्या? संभाल के पकडो, रोड खराब है." रस्ता त्याच्या चालवण्यापेक्षा बराच बरा होता.

आत्याच्या घरी पिशवी उघडली आणि माझा चेहरा पडला. ग्राइंडरचा दांडा नव्हता. प्रवासात वाकू नये म्हणून मी तो काढून वेगळा ठेवला होता, पुण्यात, फ्रिजवर.

"दांडा विसरलीस?" आत्या म्हणाली. "हौली आहेस बघ तू." वेडीला हैदराबादेत हौली म्हणतात, आणि आत्या तो शब्द फार प्रेमाने वापरते.

दुपारी सुलतान बाजारात गेले. तिथे गाडी घेऊन जाण्याचा मूर्खपणा करू नका. ऑटो सोडा आणि कापडाच्या दुकानांमधून चालत जा. एका जुन्या दुकानात कॉफी डोळ्यांदेखत भाजून दळून मिळते. चिकोरीच्या मुळीची पूड किती टक्के मिसळायची, एवढंच विचारतात.

"चिकोरी नको, नुसते दाणे द्या."

"दाने लेके क्या करते मॅडम? मशीन में डालतूँ, दो मिनट की बात है."

"हाताने दळणार आहे."

"कायकू परेशान होते?" त्याने खरंच कळवळून विचारलं. शहाण्या माणसाने तिथे ऐकलं असतं. मी नुसते दाणे घेतले आणि दांडा नाही हे आठवून दळायला थेट संजूकडे गेले.

मलकपेठच्या संजूकडे एस्प्रेसोचं यंत्र आहे आणि शेजारी मिक्सरसारखा पात्याचा ग्राइंडर. यंत्रावर त्याने पगार उधळला आणि ग्राइंडरवर वाचवला. घरी कॉफीचा नाद लावून घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पातं दाणे फोडतं, दळत नाही, त्यामुळे अर्धी पूड पिठासारखी होते आणि अर्धे खडे राहतात. फ्रेंच प्रेसला जाड रव्याएवढं दळण लागतं, पोअर-ओव्हरला बारीक रव्याएवढं, आपल्या पितळी फिल्टरला त्याहून थोडं बारीक आणि एस्प्रेसोला सगळ्यात बारीक आणि एकसारखं. म्हणून दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे भरडणारा ग्राइंडर आधी घ्या, यंत्र मागाहून. त्याच्या पात्यावर दळून केलेली माझी पोअर-ओव्हर एकाच वेळी कडू आणि पाणचट झाली.

"ताई, हरलीस तू," संजू आनंदाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजू आपलं यंत्र स्कूटरवर बांधून नल्लकुंट्याला हजर. त्याच्या एस्प्रेसोचा आत्याने एक घोट घेतला. "औषध चांगलंय. दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

आता मी. "आत्या, माझा दांडा नाही. तुझ्याच चक्कीवर दळू?"

"घे की," आत्या इतकी गोड बोलली की मला तिथेच शंका यायला हवी होती. मी चक्कीच्या चकत्या सैल केल्या, जाड दळलं, फ्रेंच प्रेसमध्ये चार मिनिटं मुरवलं आणि कप तिच्यापुढे ठेवला. तिने कप माझ्याकडे सरकवला. "आधी तू."

हिंग. मेथी. मागून मोहरी. मी चक्कीच्या आत बोट फिरवलं तर ते पिवळं झालं.

"मेतकूट!" संजू किंचाळला.

आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. "सहा वर्षं त्यात मेतकूटच दळते मी. ही चक्की आठ माणसांच्या घराची. मूठभर दाणे तिच्या घशातच अडकून बसतात. एकटीच्या कपासाठी कोण दळतंय?"

मला एकदम रडू आलं. चक्कीसाठी मी दोन दिवस पिशव्या नाचवत होते, आणि या घरात सहा वर्षं कॉफीच दळली गेली नव्हती; मी तसं कधी विचारलंही नव्हतं.

"रडू नक्को. ती तुझी छोटी नळी दे इकडे," आत्या म्हणाली. तिने त्यात जेमतेम एका कपाचे दाणे टाकले, काकांच्या हत्यारांच्या डब्यातून पक्कड काढली आणि दांड्याच्या जागी वर आलेला खिळा पकडून फिरवायला लागली. "दांडा नाही तर पक्कड आहे की." दहा मिनिटं लागली. पूड तिने पितळी फिल्टरमध्ये घातली, दूध उकळलं आणि खुर्चीत बसून कॉफी प्यायली. आम्ही दोघं शाळेत उभे असल्यासारखे बघत होतो. शेवटी तिने कप उलटा करून दाखवला.

"ग्राइंडर ताईचा, पण कॉफी काकूची!" संजूने हरकत घेतली.

"दाणे तिचे, ग्राइंडर तिचा. मी नुसती पक्कड फिरवली. चक्की तिची," आत्याने निकाल दिला. "आणि ही नळी माझी. दांडा पाठवून दे."

परतीच्या गाडीत ते लोखंड पायाशी ठेवून बसले होते. पुण्यात ते साफ करायला त्यातून चार वेळा तांदूळ दळले, तरी मेथीचा वास जात नाही. परवा एका मैत्रिणीने डोळे मिटून घोट घेतला आणि दाणे कुठल्या डोंगरातले ते विचारलं. नल्लकुंट्याचे, मी म्हटलं.

दांडा कुरिअर केला. काल आत्याला विचारलं, बसला का नीट?

"हौ, बसला. पण तुझी नळी लहान पडते गं," आत्या तक्रार करत होती. "शेजारची लक्ष्मी रोज यायला लागलीय कॉफीला. दोनदा भरावी लागते."