बोट विकून पाटल्या

"बाय, भाव खंयपर्यंत जातलो?" बाबलने विचारलं, आणि शेठनी केबिनच्या काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली. सांगा, असा त्याचा अर्थ.

मी मालवणच्या बाजारात एका सराफाच्या पेढीवर सोनं पारखते. एकवीस वर्षं झाली. पूर्वी कसोटीच्या दगडावर घासून बघायचे, आता कॅरेट मशीन आहे. दागिना आत ठेवला की शुद्ध सोनं किती ते स्क्रीनवर येतं. सोनं आज काय आहे ते मी सांगते. ते उद्या कितीला जाईल हे सांगणारं मशीन अजून आलेलं नाही. पण त्या सकाळी शेठनी स्टाफच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता: गिऱ्हाइकाने आउटलुक, म्हणजे पुढचा भाव, विचारला तर 'दिवाळीपर्यंत चढतंच' म्हणायचं. तो वाचल्यापासून माझं डोकं तापलेलं.

बाबल देवबागचा. पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतो. बोट त्याने विकायला काढली होती. घेणारा संध्याकाळी टोकन घेऊन येणार होता, आणि बोटीच्या पैशाच्या पाटल्या करायच्या ठरल्या होत्या. बायको सुलभा शेजारी बसलेली. बोटीवरच्या पर्यटकांना ती घरी जेवण घालते. बोट गेली की तिचाही धंदा बसणार.

"इतकी खात्री कशी रे तुका?" मी विचारलं.

"देवान उजवो कौल दिल्यान."

आमच्याकडे मोठं काही करण्याआधी देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो. उजवीकडची पडली तर होकार. घर बांधताना मीही लावला होता, त्यामुळे देवाशी माझं भांडण नव्हतं.

"देवाक काय इचारलंस?"

"भाव चढतलो काय म्हणान."

"आणि बोट इकू काय, ह्या इचारलंस?"

"ता नाय इचारलंय," बाबल म्हणाला. मी सुलभाकडे वळले. तुझं काय म्हणणं गो, म्हटलं.

"माका खंय कोणी इचारल्यान?" ती म्हणाली.

मग मी कागद ओढला आणि बाबलला म्हटलं. समज, पाटली घेतलीस. सोन्याच्या किमतीवर मजुरी, म्हणजे घडवण्याचा खर्च. त्यावर जीएसटी. आता हीच पाटली याच काउंटरवर मला परत विक. मजुरी गेली, जीएसटी गेला, वर आम्ही वितळवण्यातली घट कापणार ती वेगळी. पेपरात येतो तो भाव सोन्याचा, पाटलीचा नव्हे. देवाचं खरं झालं तरी आधी हा खड्डा भरायचा, आणि तोवर घरात बोटीची कमाई नाही. घ्यायचंच तर वर्षाकाठी उरेल त्यातून नाणं घे, त्याला मजुरी कमी पडते.

"पण भाव?" बाबलने पुन्हा विचारलं.

"माका ठावक नाय. शेठांकय नाय."

शेठ बाहेर आले. "तुम्हाला पगार कशाचा मिळतो?"

"सोनं पारखण्याचा. भविष्य सांगण्याचा नाही."

"उद्यापासून येऊ नका म्हटलं तर?"

"परवापासून समोरच्या पेढीवर बसेन."

ते पुन्हा आत गेले. बाबलने पायरीवर उभं राहून बोट घेणाऱ्याला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं.

भाव चढला. चांगलाच चढला. शेठ रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन तो मोठ्याने वाचत. वाचू देत. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणाले होते, आणि ते आजही तितकंच खरं आहे. मी काउंटरवर पाटी लावली: 'उद्याचा भाव येथे सांगितला जात नाही.' शेठनी ती दोनदा काढली. तिसऱ्यांदा मी डिंकाने चिकटवली. भाव कोणालाच आधी कळत नाही. मजुरी मात्र आधीच कळते.

सीझन संपल्यावर बाबल आला, सुलभाला घेऊन. एक नाणं हवं होतं. पाटी वाचून हसला.

"कौल लावलंस?" मी विचारलं.

"नाय. ह्या खेपेक हिका इचारलंय."

नाणं सुलभाने निवडलं, आणि पैसे देण्याआधी मशीनमध्ये ठेवून दाखवा म्हणाली. शेठ काचेतून बघत होते. मी ठेवलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला.