सरांशी भाव कसा करायचा?

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या बाजारात दुसऱ्याच माणसाकडून मासे घेत उभा होतो. मुलचेऱ्याकडच्या रस्त्यावर, तिकडचा बाजार आटोपून मोटारसायकलनं परत येताना, मागून ट्रकनं... पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. हातातल्या पिशवीत रोहू होता. समोर चिंचेखाली सुखदेव पूर्वी जिथं बसायचा, ती जागा रिकामी होती. त्याला आता दीडेक महिना झाला. त्याच्यावर लिहायला बसलो तेव्हा ‘हाडाचा शिक्षक’, ‘ज्ञानदान’ असे शब्द आपोआप कागदावर उतरले. ते मी खोडून टाकले. मला त्या रिकाम्या जागेबद्दल लिहायचं आहे, कारण ती रिकामी करण्यात माझाही हात आहे.

चंद्रपूरला बी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहत होतो. तो ढीवर घरातला, वडील गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकायचे. सुटीहून येताना तो डब्यात सुके झिंगे आणायचा आणि आमच्या खोलीचा वास महिनाभर जायचा नाही. पुढे मला अनुदानित शाळा मिळाली, त्याला त्याच गावातली विनाअनुदानित. फरक एवढाच, असं तेव्हा वाटलं होतं. दोघांची पुस्तकं तीच, परीक्षा त्याच, दहावीच्या पेपरांवरचं पर्यवेक्षणही तेच. माझा पगार बँकेत यायचा. त्याला मात्र दर अधिवेशनाच्या वेळी सांगितलं जायचं, सर, फाईल वर गेली आहे, आता होऊनच जाईल. फाईल वर जात राहिली, त्याचे केस पांढरे झाले. विज्ञान तो असं शिकवायचा की माझ्या शाळेतली पोरं शिकवणी सोडून त्याच्या ओसरीत जाऊन बसत. त्याचे पैसे तो घेत नसे. घ्यायला हवे होते, असं आता वाटतं.

घर चालायचं रविवारच्या मासळीवर. भाऊ तलावातून माल आणायचा आणि हा विळा मांडून चिंचेखाली बसायचा. शाळेत टिकून राहायचं तर हे दुकान चालणं भाग होतं, एवढा साधा हिशेब होता. आणि तेच चाललं नाही. माल वाईट म्हणून नव्हे. लोक त्याला फार मान देत, म्हणून.

आमच्याकडे भाव केल्याशिवाय मासळी कोणी घेत नाही. पण सरांशी भाव कसा करायचा? पालक यायचे, सांगितला तो दाम मुकाट्यानं ठेवायचे, ‘राहू द्या सर, तुमी नका कापू, घरी कापतो’ म्हणत मासा उचलायचे, आणि पुढच्या रविवारी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दिसायचे. तिथं हुज्जत घालता यायची. बायका तर त्याला पाहून डोक्यावरचा पदर सारखा करत लांबूनच निघून जायच्या. मीही दोनदा असाच मुकाट्यानं मासा घेतला, आणि मग मागच्या बोळातून बाजारात शिरायला लागलो. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, असं स्वतःला सांगत होतो. अवघडत होतो मी. एका खोलीत राहिलेल्या मित्रासमोर माझा पगार घेऊन उभं राहणं मला जमत नव्हतं.

एकदा त्यानं मला पकडलंच.

“काऊन बे, मागच्या वाटेनं येऊन राह्यला?”

“नाई रे, गाडी तिकडं लावली.”

“मले समजत नाई का? तुमी सारे मिळून मान देऊ देऊ मारून टाकसान मले.” आणि तो हसला. मीही हसलो...

संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला बोलावून समज दिली होती. शिक्षकानं भर बाजारात मासे कापणं शोभत नाही, शाळेची अब्रू जाते. सुखदेव म्हणाला, “साहेब, अब्रू शाळेची हाये, मंग पगार कोणाचा हाये?” त्याच वर्षी शिक्षकदिनी अध्यक्षांनी भाषणात त्याला ‘गुरुवर्य’ म्हटलं, शाल घातली आणि नारळ दिला. अशा शाली त्याच्याकडे पुष्कळ साठल्या होत्या. त्या तो मासळीच्या पेटीवर टाकायचा. “लोकरीच्या हायेत बे, खाली बर्फ लवकर विरघळत नाई. एवढा तरी उपयोग झाला.”

मग त्यानं आमचा बाजार सोडला. मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांची गावं आहेत, तिथल्या रविवारच्या बाजारात बसू लागला. वाट लांबची, जंगलातली, ट्रकांनी फोडून टाकलेली. पण तो खूश होता. “तिथी मले कोणी सर म्हनत नाई. बाया माशाचे कल्ले उघडून पाहतात, मले लबाड म्हनतात, भांड भांड भांडतात... अन् पुढच्या रविवारी मलेच शोधत येतात!” इतका मोकळा हसताना मी त्याला बी.एड.नंतर पाहिला नव्हता. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, तू इथंच बस, मी भांडतो तुझ्याशी. नाही म्हणालो. जपून जात जा, एवढंच म्हणालो.

शोकसभेत सगळे बोलले. मीही बोललो, आणि टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणूनच कोणी वाजवल्या नाहीत. अनुदानाचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.

मागच्या रविवारी मी पुढच्या वाटेनं बाजारात गेलो. चिंचेखाली त्याची बायको, रंजना वहिनी, बसल्या होत्या. तोच विळा, पेटीवर तीच शाल, काठाला माशाचे खवले चिकटलेले. मी रोहूकडे बोट दाखवलं. त्यांनी दाम सांगितला. मी खिशात हात घातला, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“भाऊजी, तुमी बी मुकाट्यानं देसान का?”

मी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. “लय सांगता वहिनी,” मी कसंबसं म्हणालो. “कमी करा थोडे.”

“नाई परवडत.”

“अहो, त्या टोकाले कमी भावानं भेटून राह्यला.”

“मंग जा ना त्या टोकाले!” त्या मोठ्यानं म्हणाल्या. शेजारचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. एक बाई पुढे झाली, वाकून कल्ला उघडून पाहिला आणि म्हणाली, “ताजा तं हाये, पन भाव जास्त हाये वो बाई.”

वहिनींनी तिला दुसरा मासा दाखवायला पेटीवरची शाल बाजूला सारली.