बाई, असं का?

आशालता पेडणेकरांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं, पण त्यांना खरे प्रश्न विचारले गेले ते निवृत्त झाल्यावर. सून उन्नतीनं त्यांना पॉडकास्ट काढून दिला. फुलपाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये वर टाइल्सचं काम आणि खाली भाजीवाल्याचा भोंगा. म्हणून बाई कपाट उघडून साड्यांमध्ये तोंड खुपसून बोलत.

लोक व्हॉइस मेसेज पाठवत. कांदा चिरताना रडू येतं, मग गोणीवर बसलेला कांदेवाला का रडत नाही? सुक्या बोंबलाचा वास बंद डब्यातून कसा सुटतो? बाई रोखठोक उत्तरं देत. एकदा कुणीतरी विचारलं, आपण पादलो तर आपल्याला एवढी घाण का वाटत नाही?

"ओळखीच्या वासाचा मेंदू बाऊ करत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून आमचे हे सोफ्यावर निवांत पेपर वाचत असतात आणि मी गॅलरीत."

'हे' म्हणजे सुधाकरराव, सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिघांनी विचारलं, "काय सेक्रेटरी, निवांत?" सुधाकररावांनी घरी येऊन अबोला धरला. चहा हवा असला की नुसता कप वाजवत.

मग एक मेसेज आला. नाक दाबून काढलेला आवाज: "मी सातिवलीचा एक श्रोता. माझी पत्नी रात्रभर घोरते. तिला स्वतःला जाग कशी येत नाही?" मागे कुकरची शिट्टी, आणि पाठोपाठ बाईंचाच आवाज, "अहो, गॅस बंद करा!"

उन्नती हसून हसून खाली बसली. "आई, हा नको घ्यायला."

"का? प्रश्न चांगला आहे." बाईंनी हाक मारली, "सातिवलीकर, या इकडे!"

सुधाकरराव आले. बाईंनी माइक चालू केला. "जाग येते, पण क्षणभरच, सकाळी आठवत नाही. घोरणं फार असेल आणि दिवसाही झोप अनावर होत असेल, तर डॉक्टरला दाखवावं. मी मात्र घोरत नाही."

सुधाकररावांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावलं. कपाट हादरलं.

"ही सोसायटीची मोटर आहे," बाई म्हणाल्या.

"मोटर मध्येच 'अहो, सरका' म्हणते?"

बाईंना इतकं हसू फुटलं की त्यांनी पैठणीचा पदर तोंडात कोंबला. "हरले बाबा!" त्या म्हणाल्या, आणि यातलं काहीही कापायचं नाही, असं उन्नतीला बजावलं.

दुपारी जेवणानंतर आपल्याला डुलक्या का लागतात, तेही त्यांना आता कळलं. त्या मुकाट्यानं डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली आणि कुशीवर झोपायला सांगितलं. इकडे श्रोत्यांचं एकच टुमणं: मोटरवाल्या काकांना परत आणा.

पुढच्या रेकॉर्डिंगला सुधाकरराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कपाटापाशी हजर.

"अहो, यात कुणी दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि साड्या बाजूला सारून माइकच्या अगदी समोर बसले.