इब्राहिमचाचांची तांबडी पेन्सिल

दामू म्हात्रे आणि त्याचा चुलतभाऊ गणू या दोघांवर १९५६ सालच्या मे महिन्यात, शेवटच्या सोमवारी, दुपारच्या टपालाने अन्याय झाला. विद्यापीठाची नोटीस होती. इंटरच्या रसायनशास्त्राच्या पेपरात दोघांनी एकच चूक, जवळजवळ त्याच शब्दांत केली आहे. ही नक्कल का समजू नये, याचा खुलासा आठ दिवसांत समितीसमोर करावा. नाहीतर दोन वर्षं परीक्षा बंद. त्यांच्या मिठागरावरून कॉलेजात गेलेली ही पहिलीच दोन पोरं!

मी तेव्हा विद्यार्थ्यांची पत्रकं लिहीत असे. तासाभरात खुलासा लिहिला आणि आम्ही तिघं पनवेलच्या मामलेदार कचेरीसमोर इब्राहिमचाचांकडे गेलो. चाचा लोकांचे अर्ज लिहून देत. खोड अशी, की पहिला संशय आपल्याच अर्जदारावर घ्यायचे.

माझा कागद वाचून त्यांनी तांबडी पेन्सिल काढली. 'मदांध' खोडलं. 'गरिबांचे वैरी' खोडलं. 'काळे इंग्रज' तर दोनदा खोडलं.

"चाचा, उरलं काय?"

"दोन नावं आणि तारीख. बाकीच्याला साक्षीदार कुठून आणू, मियां?" मग दामूकडे वळून, "बेटा, नक्कल केलीस?"

मी भडकलो. "तुम्हीसुद्धा?"

"तिथं विचारतीलच. इथं घाम फुटलेला बरा."

त्यांनी दोघांना ओट्यावर पाठीला पाठ लावून बसवलं, कोरे कागद दिले. "मीठ कसं होतं? लिहा." लिहून झाल्यावर कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत पेपरातलंच वाक्य: पाणी तांबडं झालं की मीठ धरतं. पुस्तकात तांबडं पाणी कुठेच नव्हतं.

"हे शिकलात कुठं?"

"शिकायला कशाला पायजे?" दामू रडवेला झाला. "आगरावर रोज बगतो. बाबा त्याच्यावरच सांगतो, आता मीठ येल म्हनून."

चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग खुलासा माझ्याकडे कसला मागता? तो खाडीकाठी पडलाय. पाऊस यायच्या आत आणा."

मिठाचा हंगाम संपत आल्याने आगर मोडायला आलं होतं. एकच कुंडी, म्हणजे मीठ धरायचा वाफा, भरलेली उरली होती. दामूच्या बापाने तिच्यातलं तांबडं पाणी बाटलीत भरून दिलं आणि म्हणाला, "आमी समजलो, ह्ये सगल्या दुनियेला ठावं हाय." चाचांनी बुचावर लाख लावली, चार आगऱ्यांचे अंगठे घेतले आणि मला पोरांबरोबर मुंबईला धाडलं. जाताना बजावलं, "तू आत तोंड उघडू नकोस. तुझा राग पोरांच्या अंगावर पडेल."

समितीत तिघे होते. एकाने बाटली खिडकीशी धरली आणि हसला. "रंग बरा मिसळलाय."

मी ओठ चावून बसलो. गणू खाली बघत होता. चाचांनी घोटून घेतलेलं दामू बोलला, "सर, अजून एक कुंडी हाय. दोन दिवसांत मोडतील. तुमी चला."

तिघांतला सर्वांत म्हातारा प्राध्यापक म्हणाला, "उद्या येतो."

आला. बांधावर बूट काढले, धोतर खोचलं, चिखलात उतरला. ओंजळीतलं पाणी कितीतरी वेळ बघत राहिला. परत बांधावर आल्यावर एवढंच म्हणाला, "मी तीस वर्षं हे शिकवतोय."

नोटीस मागे घेतल्याचं पत्र एका ओळीचं होतं. माफीचा शब्द नाही. मी पत्रक काढायला निघालो, तर चाचा म्हणाले, "काढ. पण म्हातारा चिखलात उतरला, तेही लिही."

पुढच्या थंडीत चाचा गेले. त्यांच्या पेन्सिलीचा तुकडा माझ्याकडे आहे; हे लिहिताना बराच झिजला.

म्हणून तुम्ही परीक्षक असाल, समितीत बसत असाल, नाहीतर नुसते कुणाचे बाप असाल, ऐका. पोराच्या नावापुढे चोर लिहिण्याआधी त्याला विचारा, हे तू कुठं पाहिलंस? तो सांगेल तिथं जा. बूट काढून जा.