अर्ध्यावर अडकलेला काटा

जी गाडी नीट चालते तिचे किस्से होत नाहीत. चावी फिरवली, गेलो, आलो, संपलं! आमच्या वस्तीवर मात्र कुणी चहाला बसलं, की दुसऱ्या घोटाला आबांच्या पिकअपचा विषय निघतोच. आबा म्हणजे माझे सासरे. राहुरीपासून थोडं आत आमची चार घरं, आणि चार घरांत मिळून ही एकच चारचाकी. कांदा, दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, आजारी माणूस, सगळं हिच्यातूनच जातं. हिचा डिझेलचा काटा कैक वर्षं अर्ध्यावर अडकून होता. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, काटा आपला अर्ध्यावर!

*

नणंदेचं लग्न नवं नवं होतं. जावईबापू नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमधून आलेले, त्यांना पिकअप चालवायची हौस आली. नगरला जाऊन आले आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, "मामा, काय ॲव्हरेज आहे हो तुमच्या गाडीचं! काटा हललासुद्धा नाही!"

"व्हय, लई गुनी गाडी हाय," आबा म्हणाले.

सकाळी दुधाचे कॅन चढवले, तर गाडी फाटकाबाहेरही जाईना. सासूबाई करवादल्या. आबा एकेक कॅन उतरवत म्हणाले, "जावयाला डिझेल टाक म्हनू का? तूच सांग!"

*

डिझेल किती आहे ते ओळखायच्या प्रत्येकाच्या तऱ्हा होत्या. आबा टाकीवर टिचक्या मारून कान लावत, कलिंगड पिकलंय का बघावं तसे. शेजारचे सर्जेराव भाऊजी गाडी गदागदा हलवून आत डुचमळतंय का ते ऐकत. एकदा आबा म्हणाले टाकी पाऊण भरलीय, भाऊजी म्हणाले तळाला गेलीय. दोघंही हट्टी! तशीच गाडी काढली आणि ती बाजाराच्या तोंडाशी बंद पडली.

भाऊजी पोट धरून हसायला लागले. आबा शांतपणे म्हणाले, "टिचकी बरुबर हुती. कानानं घात केला!"

*

पण याच काट्यामुळे वस्तीला एक रीत लागली होती. गाडी नेणाऱ्याने येताना डिझेल टाकायचं. किती, ते कुणालाच सांगता यायचं नाही. मग आपल्यापायी दुसऱ्याची अडचण नको, म्हणून जो तो अंदाजापेक्षा जरा जास्तच टाकायचा. आबांनी कधी कुणाला विचारलं नाही. तेव्हा यात काही विशेष आहे असं मलाही वाटलं नव्हतं.

*

शेवटी माझ्याच हट्टामुळे गाडी राहुरीत युनूसभाईंकडे गेली. ते गाड्यांची वायरिंग करतात. त्यांनी टाकीकडून येणारी वायर काढून बॉडीला टेकवली, आणि काटा सरसर फुलवर!

"झाली की!" आबांनी टाळीच वाजवली. "येवढं सोपं हुतं व्हय?"

"आबा, काटा भरलाय, टाकी न्हाई," युनूसभाई म्हणाले.

म्हणजे मीटर धडधाकट होता, खोट टाकीत होती. आत डिझेलवर तरंगणारा फ्लोट असतो, त्याची दांडी गंजून मध्येच अडकली होती. युनूसभाईंनी नवा फ्लोट बसवला. जुना फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. "मी काय बी फेकत न्हाई," म्हणाले. "कवा कुनाला काय लागंल!"

*

काटा खरं बोलायला लागला आणि वस्ती हिशेबी झाली. नेताना काटा होता तिथं आणून ठेवला की झालं! त्याहून केसभर पुढे नाही. मग 'मी नेली तेव्हा काटा खालीच होता' सुरू झालं. मग मोबाईल निघाले. नेताना एक फोटो, आणताना एक फोटो. पुरावा! पूर्वी गाडी परत आली की माणूस चहाला थांबायचा, आता फोटो दाखवून जायचा. कुणाचं काही चुकत नव्हतं, पण मला ते बघवत नव्हतं.

*

त्यातच सर्जेराव भाऊजी कांद्याच्या चाळीच्या पत्र्यावरून पडले. पाय पार वाकडा झाला होता. गादी टाकून त्यांना पिकअपमध्ये झोपवलं, मी मागे पाय धरून बसले, आबांनी गाडी नगरच्या रस्त्याला लावली. काटा लालवर होता. वाटेतल्या पंपावर टँकर खाली होत होता, 'अर्धा तास थांबा' म्हणाले. आबा म्हणाले पुढच्या पंपावर घेऊ. विळदच्या चढाला गाडीने आचके दिले आणि उभी राहिली!

एका मोटरसायकलवाल्याला हात जोडून कॅन आणायला पाठवलं. डिझेल आल्यावरही इंजिनावरचा हातपंप मारून पाइपातली हवा काढल्याशिवाय गाडी चालू होईना. ऊन मी म्हणत होतं. मी पदराने भाऊजींना सावली करत होते. आदल्या दिवशी गाडी त्यांनीच नेली होती. ते दात आवळून म्हणाले, "आबा... काटा हुता तितंच आनून ठिवल्ता. फोटो हाय."

"हाय ना," आबा पंप मारता मारता म्हणाले. "तुजं बरुबरच हाय. पाय हलवू नगंस."

पाय वाचला.

*

पुढच्याच बाजाराला आबा युनूसभाईंच्या दारात. "तो जुना फ्लोट ठिवलाय ना?"

"हाय की. पर नव्याला काय झालं?"

"काय बी न्हाई झालं. त्यो काड, जुना बसीव."

युनूसभाई म्हणाले, "आबा, आजवर बिघडल्यालं नीट केलं. नीट चाललेलं बिघडवायचं काम आजच आलं!"

प्लास्टर निघाल्यावर भाऊजी पहिल्यांदाच गाडी न्यायला आले. मला अंगणवाडीच्या मीटिंगला राहुरीला जायचं होतं, मी शेजारी बसले. सवयीने त्यांनी मोबाईल काढून काट्यासमोर धरला. काटा अर्ध्यावर. त्यांनी काचेवर बोटाने ठोकलं. चावी बंद करून पुन्हा फिरवली. काटा अर्ध्यावरच! मग त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

परतताना न सांगता त्यांनी गाडी पंपावर घेतली. पंपावरच्या माणसाने विचारलं, "किती टाकू?"

"टाक जरा जास्तीच," भाऊजी म्हणाले. "काटा बिघडलाय आमचा."