हिरव्या भिंतीवरचा आरसा

भुताखेतांच्या गोष्टी मी चवीने वाचते, पण विश्वास? कधीच नव्हता. वडील रेल्वेत, आम्ही रायपुरात वाढलेलो, घरात देवधर्मसुद्धा बेताचाच. हे लिहितेय ते कोणाला घाबरवायला नाही... माझ्याच डोक्यातून जात नाही म्हणून.

मी चौबे कॉलनीत राहते आणि ओळखीच्या लोकांची घरं सजवून देते – रंग, पडदे, फर्निचर. माझा धाकटा भाऊ नितीन नवा रायपूरमध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन एकटाच राहायचा. लग्न करायचं नाही हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. पण घराची दशा काय! जमिनीवर गादी, खिडकीला दोरी बांधून टॉवेल, एक प्लास्टिकची खुर्ची.

मी म्हटलं, "एकट्या माणसानं काय धर्मशाळेत राहिल्यासारखं राहायचं? मी सजवते तुझं घर."

"हव, कर तुले जे करायचं ते," तो हसला.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी जाऊन मी काम करायची. हॉलची एक भिंत गडद हिरवी केली, जवळजवळ काळी वाटावी अशी. तपकिरी चामड्याची मोठी खुर्ची आणली, बाजूला पितळी दिवा. खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली आणि समोर हिरव्या भिंतीवर गोल आरसा लावला... तोही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"ताई, आरसा लयच खाली नाही का?"

"खिडकीतला उजेड आरशातून खोलीभर पसरेल," मी म्हटलं. खरं सांगू? असा काही विचार मी केलाच नव्हता. हात आपोआप तिथे गेला होता.

घर देखणं झालं. नितीन मात्र गप्प होत गेला. मी स्टुलावर चढून पडदे लावत असले की हा खुर्चीत बसून आरशात बघत राहायचा. मदतीलासुद्धा उठायचा नाही.

"काय पाहून राहिला रे?"

"काही नाही."

मग आई गोंदियाहून घर बघायला आली. भर दुपार होती. हसत हसत आत आली आणि एका पायातली चप्पल काढून तशीच थांबली.

"कोणी सांगितलं तुले हे?"

"काय?"

"ही भिंत. ही खुर्ची. आरसा." ती एकेकाकडे बोट दाखवत होती. "ही माह्या दादाची खोली आहे."

आमचा एक मामा आमच्या जन्माआधीच वारला, एवढंच आम्हाला माहीत होतं. घरात त्याचा फोटो नाही, आई कधी विषय काढायची नाही. त्या दिवशी दारातच उभी राहून तिने सांगितलं.

"एकटाच राहायचा. शौकीन माणूस. लोक त्याची खोली पाहायले यायचे. मग त्यानं कामावर जाणंच सोडलं. दिवसभर खिडकीकडे पाठ करून आरशात पाहत बसायचा. म्हणे, मागं खिडकीत कोणी तरी उभं राहते, वळलं की जाते..."

"मग?"

"मग लोकांनी दार तोडलं. तो खुर्चीतच होता. पण खुर्ची खिडकीकडे फिरवलेली होती."

नितीन खुर्चीतच होता, नजर आरशात. त्याच्या मागच्या खिडकीला बाहेरून ना बाल्कनी ना छज्जा.

"उठ, नितीन," आई म्हणाली. "पोरा, उठ."

आरसा त्याच दुपारी उतरवला. नितीनला मी माझ्या घरी घेऊन आले, फ्लॅट पुढे विकून टाकला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर तकाकी आली, तो हसू-बोलू लागला. एका सकाळी पोहे खाताना मी शेवटी विचारलंच, "तुले दिसायचं का रे काही आरशात?"

त्याने घास संपवला.

"दिसायचं. पण मी एकटा असलो की नाही. तेव्हा खिडकी रिकामीच राहायची."

"म्हणजे?"

"तू आली की यायचं, ताई. तू काम करत राहायची, अन् ते तुह्याकडे पाहत राहायचं. म्हणून मी खुर्चीतून उठत नव्हतो. तुह्यावर लक्ष ठेवायले."

कधी न पाहिलेल्या मामाची खोली माझ्या हातांना कोणी दाखवली? घरं सजवायचं काम मी बंद केलंय. आणि आता कोणाकडे गेले तरी पाठ भिंतीला टेकेल अशीच जागा बघून बसते.